टाळूत अडकलेला सुळा: ओढून आणावा की काढून जागेवर बसवावा?

मदत हवी आहे. पोरगी १४ वर्षांची, आम्ही परभणीचे. वरचा डावा सुळा आलाच नाही, दुधाचा दात अजून तिथेच घट्ट. साधारण १२ व्या वर्षापर्यंत येतो म्हणून वाट बघत बसलो, ती चूकच झाली. ओपीजी (सगळ्या दातांचा एक्स-रे) आणि सीबीसीटी (जबड्याचा थ्री-डी स्कॅन) दोन्ही काढलेत: सुळा टाळूच्या बाजूला आडवा आहे, शेजारच्या दाताचं मूळ अजून शाबूत आहे. दुखत काही नाही. बाकी दात सरळ आहेत.

दोन डॉक्टरांची दोन मतं. एक म्हणतात, हिरडी उघडून सुळ्याला बटण-साखळी चिकटवू आणि तारांनी हळूहळू खाली ओढू. दीड-दोन वर्षं लागतील. दुसरे म्हणतात, सुळा अख्खा काढून त्याच बैठकीत योग्य जागी बसवू, काही आठवडे शेजारच्या दातांना बांधून ठेवू. ऐकायला झटपट वाटतं, पण मुळाचं टोक बंद झालंय, म्हणून पुढे रूट कॅनाल लागेल, मूळ हाडाला चिकटण्याची किंवा झिजण्याची भीती आहे, हेही त्यांनीच सांगितलं. दुधाचा दात तसाच ठेवा, हा सल्ला नातेवाइकांचा, तो नको.

दर महिन्याला संभाजीनगरला रेल्वेने जाणं जमेल, पुणे-मुंबई नाही. तिथल्या शासकीय दंत महाविद्यालयात यातलं काही कुणी करून घेतलंय का? आणि या वयात सुळा काढून बसवलेला कुणाचा पाच-सात वर्षांनीही टिकून आहे का?