म्हातारा हॅमस्टर आणि मुलीची प्रार्थना

प्रश्न: आमचा सीरियन हॅमस्टर दोन वर्षांचा झालाय. सहा वर्षांची मुलगी रोज त्याच्यासाठी देवाकडे मागते. तो गेला तर तिची श्रद्धा डळमळेल का? आतापासून काय करावं?

उत्तर १: सीरियन हॅमस्टर साधारण 2 ते 3 वर्षं जगतो, हे तिला आत्ताच सांगा. ‘झोपला’ म्हणू नका; लहान मुलं शब्दशः घेतात आणि स्वतः झोपायला घाबरतात. ‘देवाला आवडला म्हणून नेला’ हे तर त्याहून वाईट, कारण मग देवाचीच धास्ती बसते. ‘त्याचं शरीर बंद पडलं, आता त्याला दुखत नाही’ इतकं स्पष्ट बोला. तुमच्या घरची श्रद्धा त्यापुढे काय सांगते, ते नंतर. प्रार्थनेत ‘तो मरू नये’ऐवजी ‘आम्हाला त्याची नीट काळजी घेता येऊ दे’ असं मागायला शिकवा. आणि रोजचं पाणी बदलणं तिच्याकडेच द्या. मागितलेलं हातानं करणं तिला त्यातून समजतं.

उत्तर २: निपचित दिसला म्हणून गेला असं लगेच धरू नका! थंडीत हॅमस्टर गारठून सुप्तावस्थेत जातो, श्वास जेमतेम जाणवतो. ओंजळीत धरून हळूहळू ऊब द्या, मिशा हलतात का पाहा. हीटरसमोर अजिबात नको. जरा हालचाल दिसली की प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

उत्तर ३: पुरताना पुठ्ठ्याचा खोका घ्या, प्लास्टिक कुजत नाही. खड्डा दोन फूट तरी खोल हवा, नाहीतर कुत्री उकरतात. मुलीला माती टाकायची असेल तर टाकू द्या, आग्रह नको.