चेक इंजिनचा दिवा, पी०४२० आणि तोंडावर आलेला स्मॉग

फ्रीमॉन्टकर:

नमस्कार मंडळी,

आमच्या २०१४च्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागलाय, कोड पी०४२०. गाडी एक लाख तीस हजार मैल चाललेली. गॅरेजवाल्याने खाली वाकूनही न बघता "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) गेला" असं सांगून दोन हजारांच्या वरचं एस्टिमेट हातात ठेवलं. आमच्या ह्यांचं म्हणणं, मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलू, शंभरेक डॉलरात भागेल. रजिस्ट्रेशनसाठी स्मॉग, म्हणजे कॅलिफोर्नियातली धुराची तपासणी, तोंडावर आलाय. कुणाचं ऐकू?

सनीवेलकर काका:

ताई, तूर्तास दोघांचंही नको.

कन्व्हर्टरच्या पुढे एक सेन्सर असतो, मागे एक. इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल-हवेचं मिश्रण सतत थोडं कमी-जास्त करत असतो. कन्व्हर्टर धड असला की तो ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा सोडतो, त्यामुळे ही चढउतार मागच्या सेन्सरपर्यंत पोचत नाही. त्याचं व्होल्टेज ०.६-०.७च्या आसपास निवांत पडून असतं. साठवायची ताकद गेली की ते ०.१ ते ०.९मध्ये वरखाली नाचायला लागतं. हा नाच दिसला की कॉम्प्युटर पी०४२० टाकतो. मागचा सेन्सर नुसता चहाडी करतोय, त्याला बदलून काय साधणार? उलट म्हातारा सेन्सर मंद होतो आणि कन्व्हर्टरचा दोष झाकतो. त्याचा हीटर गेला तर पी०१४१ असा वेगळा कोड येतो.

ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारा) वीस-तीस डॉलरला मिळतो. गाडी फ्रीवेवर चांगली तापवून आणा, मग गिअर पार्कमध्ये ठेवून आरपीएम अडीच हजारावर धरून मागच्या सेन्सरचा ग्राफ बघा. (पुढच्या सेन्सरचा नाच शोधत बसू नका. टोयोटा-होंडाच्या बऱ्याच गाड्यांत तिथे एअर-फ्युएल सेन्सर असतो, तो असा नाचत नाही. यूट्यूबवरचे निम्मे व्हिडिओ हे सांगतच नाहीत.) सोबत फ्युएल ट्रिमही (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते) बघा. शॉर्ट आणि लाँग मिळून दहा टक्क्यांच्या आत हवं.

एक्झॉस्ट लीकही तपासा. सकाळी थंड गाडी चालू केल्यावर मॅनिफोल्डपाशी (इंजिनला जोडलेला एक्झॉस्टचा पहिला भाग) टिकटिक येते का, जोडांवर काजळी धरलीय का? फटीतून बाहेरची हवा आत शिरली की सेन्सर फसतो आणि चांगल्या कन्व्हर्टरवर आळ येतो.

आणि इंजिनचं तेल किती पितेय गाडी? दिवा लुकलुकत असेल तर मात्र चालवूच नका. तो मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही; न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते.

मिलपिटासकर:

काका, एवढा खटाटोप कशाला? कोड क्लिअर करायचा आणि तडक स्मॉगला न्यायची. तसंही ऑनलाइन दोनशे डॉलरात कन्व्हर्टर मिळतो, माझ्या मेव्हण्याने टेक्सासला बसवलाय.

सनीवेलकर काका:

ह्या युक्तीचे दिवस गेले. कोड पुसला की रेडिनेस मॉनिटरही (कॉम्प्युटरने स्वतः केलेल्या तपासण्यांची नोंद) पुसले जातात, आणि २०००पासूनच्या पेट्रोल गाड्यांना कॅलिफोर्नियात इव्हॅप (पेट्रोलच्या वाफेची तपासणी) सोडून सगळे मॉनिटर पूर्ण लागतात. कन्व्हर्टरचा मॉनिटर बहुधा सगळ्यात शेवटी होतो. दोष खरा असेल तर तोवर दिवा परत हजर. शिवाय २०१०पासूनच्या गाड्यांत पर्मनंट कोड असतो. तो स्कॅनरने पुसला जात नाही, आणि जुलै २०१९पासून स्मॉगमध्ये तोही बघतात.

मेव्हण्याचा कन्व्हर्टर टेक्सासला ठीक. इथे त्यावर कार्बचा (कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर (ईओ) नंबर कोरलेला नसेल तर स्मॉगवाला गाडी नापास करतो, मग धूर कितीही स्वच्छ असो.

ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांनी खिशात हात घालण्याआधी वॉरंटीचं पुस्तक काढा. कन्व्हर्टरला फेडरल कायद्याने ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची वॉरंटी असते. ताईंची ही फेडरल वॉरंटी संपली.

फ्रीमॉन्टकर:

काका, केलं सगळं. मागचा सेन्सर ०.२ ते ०.८ सारखा वरखाली, क्षणभरही थांबत नाही. ट्रिम अधिक तीन. टिकटिक नाही, काजळी नाही. पण डिपस्टिक काढली तर तेल खालच्या खुणेलाही टेकत नव्हतं! तेल बदलून तीनच महिने झालेत, आणि गाडीखाली डाग एकही नाही. ह्यांनी सेन्सर कार्टमधून काढला.

सनीवेलकर काका:

कन्व्हर्टर गेलाय, म्हणजे गॅरेजवाल्याचा अंदाज बरोबर निघाला. पण त्याला मारलं तेलाने. जळलेल्या तेलातला फॉस्फरस आतल्या प्लॅटिनम-पॅलेडियमवर थर धरतो आणि रसायनाचं काम बंद पडतं. कारण तसंच ठेवून नवा बसवलात तर त्याचीही तीच गत.

आजच्या आज तेल पुरं करा. मग आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातल्या वाफा परत आत ओढू देणारा) बदला. बहुतेक गाड्यांत तो स्वस्त असतो. तरीही तेल उतरत राहिलं तर लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजायची) करून पिस्टनच्या रिंगा बघाव्या लागतील. रिंगा गेल्या असतील तर ह्या गाडीत दोन हजार घालायचे का, हा वेगळा हिशेब मांडा.

नवं एस्टिमेट दुसऱ्या गॅरेजकडून घ्या आणि त्यावर ईओ नंबर लिहून मागा. बॉनेटखाली एमिशनचं लेबल असतं, त्यावरच्या टेस्ट ग्रुपला (गाडीच्या एमिशन गटाच्या कोडला) तो नंबर चालतो का हे त्यांना तुमच्यासमोर पडताळायला सांगा. पीसीव्ही सहज हाताशी असेल तर शनिवारी मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये मी काढून देईन, दहा मिनिटांचं काम आहे. येताना इंजिन थंड असू द्या.