सार्डिनिया 2024: जास्त मतं एका आघाडीच्या याद्यांना, सत्ता दुसरीला. फोडलेलं मत बंद करावं का?

पोटकलम

25 फेब्रुवारी 2024 ला इटलीतल्या सार्डिनियात प्रादेशिक परिषदेची निवडणूक झाली. फाइव्ह स्टार पक्षाच्या आलेस्सांद्रा टोड्डे 45.4 टक्के मतांवर प्रदेशाच्या अध्यक्ष झाल्या. पंतप्रधान मेलोनींच्या पक्षाचे पाओलो ट्रुत्सू 45 टक्क्यांवर अडकले, फरक तीन हजार मतांच्याही आतला. आता याद्यांची बेरीज बघा. ट्रुत्सूंच्या आघाडीतल्या पक्षांच्या उमेदवार-याद्यांना मिळून 48.8 टक्के, टोड्डेंच्या याद्यांना 42.6. आणि 60 पैकी 36 जागा टोड्डेंच्या आघाडीला!

हे कसं होतं? मतपत्रिका एकच असते. अध्यक्षपदाच्या उमेदवाराचं नाव आणि त्याच्या आघाडीतल्या याद्यांची चिन्हं एकत्र छापलेली. नुसत्या यादीवर फुली मारली तर मत आपोआप त्या आघाडीच्या अध्यक्षालाही जातं. नुसत्या अध्यक्षावर मारली तर यादीला काही मिळत नाही. तिसरा प्रकार म्हणजे अध्यक्ष एका आघाडीचा आणि यादी दुसऱ्या आघाडीची. हेच फोडलेलं मत, आणि तेही वैध. त्यात विजयी अध्यक्षाला 40 टक्क्यांपेक्षा जास्त मतं असली की त्याच्या आघाडीला 60 टक्के जागा ठरलेल्या, हा बोनस. 25 ते 40 च्या मध्ये असेल तर 55 टक्के.

माझं म्हणणं सरळ आहे. बोनस जागा ठेवायच्या तर फोडलेलं मत बंद करा, किंवा ते ठेवायचं तर बोनस काढा. दोन्ही एकत्र ठेवले की मतदाराने ज्या यादीला निवडलं तिच्याच जागा त्याच्या दुसऱ्या फुलीने कापल्या जातात. शेजारच्या अब्रुत्सो प्रदेशात दोनच आठवड्यांनी निवडणूक झाली. तिथे ही फोड चालतच नाही, निकालाबद्दल असा घोळही झाला नाही.

बेरीज_वजाबाकी

अब्रुत्सोत घोळ झाला नाही कारण तिथले अध्यक्षपदाचे उमेदवार मार्सिलिओ साडेत्रेपन्न टक्क्यांनी जिंकले. नियमाला त्याचं श्रेय कशाला? (आणि अब्रुत्सो शेजारी कसलं, मध्ये अख्खा समुद्र आहे.)

मुळात 48.8 आणि 45.4 हे आकडे एकमेकांशेजारी ठेवणंच चूक, कारण छेद वेगळे आहेत. टोड्डेंना त्यांच्या याद्यांपेक्षा सुमारे 40 हजार मतं जास्त पडली, तर ट्रुत्सूंना त्यांच्या याद्यांपेक्षा फक्त काही हजार कमी. मग उरलेली कुठून आली? बरीचशी 'नुसता अध्यक्ष' प्रकारातली असणार. त्या लोकांनी यादीला मतच दिलं नाही, त्यामुळे याद्यांच्या टक्केवारीत ते मोजलेच जात नाहीत. फोड बंद केली तरी ही मतं जागच्या जागी राहणार.

पण काही हजारांची फोड झाली हे खरंच, आणि अशा चुरशीत तेवढीही पुरते. मित्रपक्षाचे मावळते अध्यक्ष सोलिनास यांना बाजूला सारून मेलोनींनी स्वतःचा माणूस, राजधानी काल्यारीचा महापौर ट्रुत्सू, पुढे केला. मित्रपक्षाचा मतदार रुसला असेल तर त्याला यादी आपली ठेवून उमेदवार नाकारता आला. हाच तर त्या फुलीचा उपयोग! तुम्ही म्हणता तसं केलं तर त्याने घरी बसायचं. मतदान आधीच 52 टक्क्यांच्या आसपास आहे.

पोटकलम

उमेदवार नाकारण्याचा हक्क मान्य. पण त्या नकाराची किंमत यादीने का मोजावी?

कुंपणावरचा

तुम्ही दोघं फुलीवर भांडताय, खरा अन्याय किमान मतांच्या अटीत आहे. परिषदेत जागा मिळायला आघाडीला 10 टक्के लागतात, आणि ते याद्यांच्या मतांवर मोजतात. 2014 मध्ये लेखिका मिकेला मुर्जा यांना अध्यक्षपदासाठी 10.3 टक्के मिळाले, पण त्यांच्या याद्यांना पावणेसातच. परिषदेत एकही जागा नाही. 2024 ला माजी अध्यक्ष रेनातो सोरू 8.6 टक्के घेऊनही शून्यावर. पराभूतांपैकी फक्त दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला आत जागा असते, तिसऱ्याला नाही. सोरूंच्या मतदारांचं काय झालं यावर कुणी धागा काढत नाही.

बोनस काढा म्हणणाऱ्यांनी हिशेब करून बघावा. सोरूंची आघाडी बाहेर, म्हणजे 48.8 विरुद्ध 42.6 अशी वाटणी. 60 पैकी सुमारे 32 जागा ट्रुत्सूंच्या बाजूला आणि अध्यक्ष टोड्डे. आपल्याकडे थेट नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि नगरपरिषदेत बहुमत दुसऱ्याचं असलं की विषयपत्रिकेवरून काय चालतं ते माहीत आहेच.

बेरीज_वजाबाकी

तिथे त्याहून वाईट. अध्यक्षावर अविश्वास मंजूर झाला किंवा त्याने राजीनामा दिला की परिषदही बरखास्त होते. 2008 च्या अखेरीस सोरूंनीच राजीनामा दिला आणि 2009 च्या फेब्रुवारीत सगळ्यांना पुन्हा मतं मागायला जावं लागलं. (सोरू हरले.) म्हणजे विरोधी बहुमत अध्यक्षाला काढायला कचरणार आणि काम करू द्यायलाही तयार नसणार.

पोटकलम

मग दुसरी फेरी घ्या, टस्कनीसारखी.

कुंपणावरचा

टस्कनीत दुसरी फेरी कुणालाच 40 टक्के मिळाले नाहीत तरच होते. टोड्डेंना 45.4 होते. काहीही बदललं नसतं.

महापालिकांचा नियम जास्त जवळचा आहे. 15 हजारांवरच्या शहरांत विरोधी याद्यांनी पहिल्या फेरीत 50 टक्के ओलांडले असतील तर विजयी महापौराच्या याद्यांना बोनस मिळत नाही. पण 48.8 हे 50 च्या खालीच, म्हणजे तोही इथे लागू पडला नसता.

पोटकलम

मग बोनस याद्यांच्या मतांशी जोडा. अध्यक्ष जिंकला पण त्याच्या याद्या मागे राहिल्या तर 60 ऐवजी 55 टक्के जागा. 36 च्या जागी 33. राज्य करता येतं आणि मतदाराची दुसरी फुलीही वाया जात नाही.

बेरीज_वजाबाकी

33 विरुद्ध 27, त्यातही 33 मध्ये अध्यक्ष स्वतः धरलेला. आघाडीत बऱ्याच याद्या, प्रत्येकीला खातं हवं. तीन माणसं फिरली की 30-30, आणि अर्थसंकल्पाच्या मतदानात ती तिघं काय काय मागून घेतील ते बघा. 36 मध्ये निदान पाच जणांची समजूत काढायला नकार देता येतो.