मुलांचे फोटो : घरातले, गड्ड्यातले, वाटेतले (अनुभव धागा)

संक्रांत आणि तिच्यासोबतचा गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा, जवळ आली की सोलापुरात पेट्यांतून बाराबंद्या (बंदांनी बांधायचे पांढरे अंगरखे) बाहेर निघतात आणि त्यांच्यामागोमाग मोबाइल. पोराला पांढरीशुभ्र बाराबंदी घालून अंगणात उभं करायचं, नि मग आई, बाबा, काका, शेजारच्या अक्का सगळे मिळून ओरडणार, "हिकडं बघ! हास की जरा!" पोरगं दात दाखवतं. सगळ्या घरांतल्या सगळ्या पोरांचे दात सारखेच दिसतात.

म्हणून हा धागा. आपल्या किंवा दुसऱ्याच्या मुलांचे फोटो काढताना आलेले अनुभव लिहा. घरातले, रस्त्यातले, प्रवासातले. फोटो चांगलाच आला पाहिजे असं नाही. कॅमेरा कोणता ते शेवटी सांगा, मूल काय करत होतं ते आधी. फोटो काढायचा नाही असं कधी ठरवलंत, तेही येऊ द्या. (स्टुडिओवाल्यांनी कृपया दरपत्रक टाकू नये.)

विजापूर रोड, पाच वर्षांच्या मुलीची आई

आमच्या घरात पूर्वेला एकच खिडकी आहे. सकाळी तिच्यातून ऊन थेट फरशीवर पडतं आणि लेक नेमकी तिथंच ताटली घेऊन बसते. दह्यात कालवलेली शेंगाचटणी, वर चुरलेली कडक भाकरी. तोंडभर लाल. मी तिच्यासमोर फरशीवर पालथी पडून फोटो काढते. पहिल्यांदा सासूबाईंनी पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, लेकरू जेवलालंय, तू का लोळलालीस?"

पण उभं राहून काढला की नुसतं डोकं नि भांग दिसतो. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर गेलं की ताटली, हात, मागचं दार असं तिचं सगळं जग फोटोत येतं. दुसरं म्हणजे फोन तोंडाजवळ नेऊ नका. मोबाइलच्या रुंद लेन्सने जवळून काढलं की नाक मोठं नि कान गायब. दोन पावलं मागं सरकून दोन पट झूम केलेलं बरं. फ्लॅश कायमचा बंद. आणि काच पुसा हो! आपण बायका स्वयंपाकातून उठून फोन धरतो, त्यावर तेलाचा हात असतोच. मग म्हणतो, कॅमेरा धूसर झालाय.

एप्रिल-मेमध्ये मात्र बाहेरचे फोटो संध्याकाळी साडेपाचनंतरच. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात पोराला इथल्या कंबर तलावाच्या काठावर उभं केलं तर डोळे मिटलेलाच फोटो येणार, आणि पोराच्या जिवाला त्रास तो वेगळाच.

बँकेत नोकरी, रविवारी कॅमेरा

मी गड्ड्याबद्दलच लिहिणार, दुसरं काही मला येत नाही.

सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज (उंच, सजवलेल्या काठ्या) निघतात, धरणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत, आणि त्यांच्या मागंपुढं तसल्याच वेशातली लहान पोरं. आता गंमत अशी की फ्रेम पांढऱ्या कपड्यांनी भरली की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार आहे. तो फोटो काळवंडवतो, बाराबंदी राखाडी येते. अशा वेळी एक्स्पोजर (फोटोतला उजेड) दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवायचं, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. पण दुपारचं ऊन डोक्यावर असेल तर हे लागू नाही, तेव्हा फोटोत कापडाचा नुसता पांढरा डाग होतो आणि चेहरा काळा. त्यावर उपाय म्हणजे पोराची पाठ उन्हाकडं येईल अशी जागा धरायची किंवा सरळ सावलीतल्या कट्ट्यावर जाऊन बसायचं.

सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता सोहळ्याला, तो जिथं होतो त्या संमती कट्ट्याभोवती इतकी गर्दी असते की खालून फक्त पाठी दिसतात. लहान पोरं तर सगळी बापाच्या खांद्यावर. मग मीही एखादी पायरी गाठतो, म्हणजे त्यांच्याच उंचीवर येतो. "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" झालं की अक्षता उडतात, मोठी माणसं हात जोडतात आणि पोरं डोळे घट्ट मिटून मान खांद्यात घालतात. मला तोच क्षण लागतो. शटर सेकंदाच्या हजारात एक भाग ठेवलं तर तांदळाचा दाणा न् दाणा हवेत थांबतो, अडीचशेत एक ठेवलं तर रेघा येतात. मला रेघा आवडतात. आमच्या मित्रमंडळात यावरून दर वर्षी वाद होतो, होऊ दे.

रात्री होम मैदानावर, जिथं यात्रेतले पाळणे-दुकानं लागतात, वेगळाच खेळ. फिरत्या घोड्यांवरच्या पोराचा फोटो हवा असेल तर शटर पंधरात एक ते तिसात एक ठेवून कॅमेरा घोड्याबरोबर फिरवत न्यायचा. चेहरा बऱ्यापैकी स्पष्ट येतो, मागचे दिवे वाहत जातात. दहातले नऊ वाया जाणार हे गृहीत धरा. शटर फार वेगात ठेवलं तर एलईडी दिव्यांच्या लुकलुकीमुळं फोटोवर काळे पट्टे येतात, त्याला घाबरून कॅमेरा दुरुस्तीला देऊ नका. शोभेच्या दारूकामाला मी आकाशाकडं पाठ करतो आणि वर बघणारी तोंडं टिपतो.

आणि एक फोटो कलेसाठी नाही, कामासाठी. गड्ड्यात शिरायच्या आधी पोराचा डोक्यापासून चपलेपर्यंत पूर्ण फोटो काढून ठेवा. गर्दीत हात सुटला तर पोलिसांना 'निळा शर्ट होता की हिरवा' हे आठवत बसावं लागत नाही. घाबरलेल्या आईला स्वतःच्या पोराच्या शर्टाचा रंग सांगता येत नाही, हे मी तिथं बघितलंय.

आजोबा, सम्राट चौक

आमच्या वेळी अगफा क्लिक थ्री कॅमेरा. रोलवर बारा चौकोनी फोटो. बारात मुंज, बारसं, तुळजापूर सगळं बसवायचं. शटर हळू, पोरगं हललं की दोन नाकं. म्हणून आम्ही पोरांना 'हलू नको' म्हणायचो. तुमच्या हातात सेकंदाला दहा फोटो काढणारं यंत्र असून तुम्हीही तेच म्हणता, हे मला कळत नाही.

प्राथमिक शिक्षिका, शहराचा पूर्व भाग

माझ्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलं घरी तेलुगू बोलतात. बऱ्याच जणांच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर. वरचे अनुभव छान आहेत, पण मला एक खटकतं. आपल्या लेकराच्या फोटोत मागं दुसऱ्याची चार लेकरं असतात आणि तो फोटो स्टेटसला जातो. त्या चौघांच्या आईला विचारलं का?

शाळेत कुठलाही कार्यक्रम झाला की पालकांच्या गटावर फोटो पडतात, गणवेशावर शाळेचं नाव ठळक, खाली कोणीतरी मुलाचं नाव नि इयत्ता लिहितं. अनोळखी माणसाला आणखी काय हवं? मी आता वर्गाचे फोटो काढते ते पाठीमागून किंवा हातांचे. मातीकाम करणारे हात, शाई लागलेली बोटं. चेहरा हवा असेल तर आधी पालकांना विचारते, आणि मुलालाही. सात वर्षांचं मूल 'नको' म्हणालं तर ते नकोच. घरच्यांनीही हे पाळावं असं माझं मत आहे, पटलं नाही तरी चालेल.

तांत्रिक म्हणून एवढंच सांगते : फोनच्या फोटोत जागेची नोंद दडलेली असू शकते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ती गळून जाते, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंदच करून टाका.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा वर्गातली मुलं नटून येतात. त्यांचे फोटो मी छापून घेते आणि त्यांच्या घरी देते. एका घरी आजीनं फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि देवाच्या फळीवर ठेवला. त्या घरात पोराचा आधार कार्डाशिवाय दुसरा फोटोच नव्हता. गटावर टाकलेल्या शंभर फोटोंपैकी एकही त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता, कारण घरातल्या एकुलत्या फोनमध्ये जागाच नाही.

होटगी रोड, दोन मुलगे

सुट्टीत आम्ही गाडी काढून विजापूरला गेलो, शंभरेक किलोमीटर. गोल घुमटासमोर पोरांना उभं करून फोटो काढला तर पोरं मुंगीएवढी आली. घुमट बाहेरून साधारण ४४ मीटर व्यासाचा, तो मावायला मागं जावं तर पोरं हरवतात. मग थोरल्यानं सुचवलं, "पप्पा, आम्ही तुमच्याजवळ येतो, घुमट तिथंच राहू दे की." बरोबरच होतं त्याचं! पोरं कॅमेऱ्याजवळ, घुमट मागं लांब, दोन्ही आले.

खरी मजा वर. कोपऱ्यातल्या मनोऱ्यांच्या अरुंद पायऱ्या चढून घुमटाच्या आतल्या सज्जात गेलं की साधी कुजबुज पलीकडच्या बाजूला ऐकू येते आणि आरोळी पुन्हापुन्हा घुमते. पोरांना शांत राहा म्हणणं तिथं व्यर्थ. धाकट्यानं "का बेऽऽ" अशी हाळी दिली, आणि ती सगळीकडून अंगावर आल्यावर स्वतःचेच कान झाकून खाली बसला. तेवढाच फोटो काढला. आत अंधार, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२०० वर, दाणेदार आलाय. पण त्या सहलीचा विषय निघाला की घरात तोच फोटो मागतात, घुमटासमोरचे कोणी बघत नाही.

प्रवासात माझा एक नियम झालाय. गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढायचा नाही. आधी पोरांना पाणी, खाणं, धावणं. भुकेलं पोर सुंदर ठिकाणी उभं करून काही साधत नाही.

पंढरपूरचा, सध्या सोलापुरात शिकायला

मी फोटोतला मुलगा आहे. लहानपणी आषाढीला मला विठ्ठलाचा वेश दिला होता, काळा रंग, कमरेवर हात. एका छायाचित्रकारानं फोटो काढला, तो छापून आला, मग दर आषाढीला कुठं ना कुठं दिसू लागला. फ्लेक्सवर, शुभेच्छांवर. कुणी नाव विचारलं नाही. आईला अभिमान, तिनं कात्रण जपून ठेवलंय. मला शाळेत पोरं चिडवायची, त्याचा राग यायचा. आता दोन्ही वाटतं.

स्टीव्ह मॅकरी यांनी पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत १९८४ साली हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला, १९८५ च्या जूनमध्ये तो नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला. ती शरबत गुला, हे जगाला २००२ साली कळलं. सगळ्या जगानं पाहिलेला स्वतःचा चेहरा तिनं तोवर पाहिलाही नव्हता. माझं प्रकरण त्यामानानं अगदीच गल्लीतलं, पण मला तिची बाजू कळते.

मी स्वतः आता वारीत फोटो काढतो. चंद्रभागेच्या वाळवंटात अंघोळ करणारी, उघडी, झोपलेली किंवा रडणारी पोरं काढत नाही. बाकीच्यांच्या आईबापाला विचारतो, फोटो दाखवतो, नंबर घेऊन त्याच रात्री पाठवतो. विचारलं की सहजपणा जातो म्हणतात. जातो, पण पाच मिनिटांनी पोरं तुम्हाला विसरतात आणि पुन्हा खेळायला लागतात. तेवढं थांबायचं.

जुळे सोलापूर, एक वडील

माझ्या मुलाला कॅमेरा रोखलेला सहन होत नाही. तोंड फिरवतो, कधी रडतो. मग जुना फोन त्याच्याच हातात दिला. त्यानं काढलेल्या फोटोंत गुडघे फार आहेत. टेबलाची खालची बाजू, मांजराचं शेपूट, आजीच्या बांगड्या, माझी ढेरी. नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी बघायला गेलो, माळढोक काही दिसला नाही, यानं मात्र गवताचे दोनशे फोटो काढले. दोन छापून घेतलेत. त्याचे स्वतःचे फोटो आमच्याकडे कमीच, पण आता कधीकधी तोच फोन पुढं करून म्हणतो, "आता माझा काढ."

धागाकर्ता

काहींनी विचारलंय म्हणून : छापायला चार बाय सहा इंच पुरतं, आणि व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो छापायला देऊ नका, तो आक्रसलेला असतो, मूळ फाइल मागवा. बँकवाले दादा, फिरत्या घोड्यांचा एखादा फोटो टाका की, नुसतं सांगू नका. आणि आजोबा, ते क्लिक थ्रीचे बारा चौकोनी फोटो कुणाकडून तरी स्कॅन करून घ्या. तुळजापूरचा आधी पाहिजे आम्हाला.