एकट्या म्हाताऱ्या माणसांना म्हाडाने भाड्याची घरं द्यावीत की नाही?

कोथरूडकर: काल इथे एकाने लिहिलं, एकट्या म्हाताऱ्यांनी फ्लॅट विकून वृद्धाश्रमात जावं, सरकारने घरं कशाला द्यायची. अहो पण फ्लॅट असतो कुणाकडे? माझी मावशी ७१ वर्षांची, लग्न केलं नाही, जन्म भाड्याच्या घरात गेला. दर ११ महिन्यांनी नवीन अॅग्रीमेंट आणि आता मालक तोंडावर सांगतात, एकट्या बाईला देत नाही, रात्री काही झालं तर कोण धावणार. म्हाडाच्या लॉटरीत घर लागलंच तरी या वयात तिला कर्ज कोण देणार? म्हाडाने तळमजल्याच्या खोल्या न विकता अशांना हयातभर भाड्याने द्याव्यात.

रोखठोक: ते मीच लिहिलं होतं. श्रावणबाळचे, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचे, महिन्याला १५०० मिळतात, त्यातून भाडं काय भरणार? शेवटी टॅक्स भरणाऱ्यांच्याच डोक्यावर. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात जिल्ह्याला एक वृद्धाश्रम आहे की, तो आधी चालवा.

लालबागची सून: कायदा नीट वाचा. राज्य सरकार काढू "शकेल" असं आहे, काढलाच पाहिजे असं नाही, आणि तोही निराधारांसाठी. स्वतःचा चहा स्वतः करून पिणाऱ्या बाईला तिथे कशाला ढकलता?

चौथा मजला: तळमजल्याचा विषय निघालाय म्हणून सांगतो. आमच्या एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगची लिफ्ट गणपतीपासून बंद आहे. शेजारच्या आजी दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात, भाजीवाला त्यात कोथिंबीर, कांदे टाकतो, पैसे त्याच पिशवीतून. दोन महिने त्या खाली उतरलेल्या नाहीत!

रोखठोक: मेंटेनन्स किती जण भरतात तुमच्याकडे? फुकट घर घ्यायचं आणि लिफ्टचं रडायचं.

चौथा मजला: तोंड सांभाळून बोला. आजी एक महिना चुकवत नाहीत, थकबाकी धडधाकट कमावत्यांची आहे.

लालबागची सून: आमच्याकडे रिडेव्हलपमेंटमध्ये सासऱ्यांना १४वा मजला दिला, पॉवर बॅकअप नाही. लाइट गेली की डायलिसिसला खुर्चीत बसवून उतरवायचं, चौघं लागतात. बिल्डरला तळमजला मागितला तर म्हणे तिथे पार्किंग.

रोखठोक: हे माहीत नव्हतं. आजींबद्दल बोललो ते चुकलं. तळमजला म्हाताऱ्यांना राखून ठेवा, कबूल. भाड्याचं मात्र अजून पटत नाही, एकदा आत आलेला माणूस गेल्यावर नातेवाईक खोली सोडत नाहीत.

कोथरूडकर: मग हक्क तिच्यापुरताच, असं करारातच घाला. मावशीला एक आश्रम दाखवला होता, स्वच्छ होता, जेवणही बरं. तिने दार लावून बघितलं, आतून कडीच नव्हती. तशीच परत फिरली.