सरसाईवर (तारणांची केंद्रीय नोंदवही) चार्जची, म्हणजे तारणहक्काची नोंद आहे, आरओसीकडे (कंपनी निबंधक) नाही. डीड होऊन आज ४७ वा दिवस. काय करावं?

कीर्दखतावणी:
महाराष्ट्रातली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, बँकेकडून ४० कोटींचं टर्म लोन. मशिनरी आणि स्टॉकचं हायपोथिकेशन (ताबा न देता तारण) डीड ३ जूनला सही झालं. कारखान्याच्या जमिनीचे मूळ दस्त २४ जूनला बँकेत जमा केले (इक्विटेबल मॉर्गेज). शिवाय प्रमोटरचे डीमॅट शेअर प्लेज करायचे आहेत, डीड तयार आहे. बँकेने सरसाईवर नोंद केली आणि शाखेचं म्हणणं, चार्ज नोंदवून झाला. पण एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालय) चार्ज इंडेक्सवर काहीच दिसत नाही. आज २० जुलै. सरसाईची नोंद पुरेशी धरायची का? नसेल तर आता नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने?

चार्जवाला:
पुरेशी नाही. सरसाईची नोंद बँकेला सरफेसी (थकीत कर्जवसुलीच्या) कायद्याखाली जप्ती-विक्री करायला लागते. कलम २६डी प्रमाणे ती नसेल तर त्या कायद्याचे अधिकार वापरता येत नाहीत. कंपनी कायद्याचं कलम ७७ वेगळं. आरओसीकडे नोंद आणि प्रमाणपत्र नसेल तर लिक्विडेटर (बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून वाटणारा) आणि इतर धनको तो चार्ज विचारातच घेत नाहीत. कर्ज फेडायचं बंधन राहतं, पण बँक विनातारण धनकोंच्या रांगेत जाते. २०२० साली एनसीएलएटीपुढे (कंपनी अपील न्यायाधिकरण) वाहनकर्जाचं प्रकरण होतं. आरसी बुकवर हायपोथिकेशनची नोंद होती, कलम ७७ ची नव्हती. कर्ज देणाऱ्या कंपनीला सुरक्षित धनको मानलं गेलं नाही.

आता मुदती. ३ जूनच्या डीडचे ३० दिवस ३ जुलैला संपले. २ ऑगस्टपर्यंत (६० दिवस) सीएचजी-१ (चार्ज नोंदणीचा अर्ज) जादा फीसह भरता येतो. भागभांडवल १ कोटी किंवा जास्त असेल तर मूळ फी ६०० रुपये आणि जादा फी तिच्या सहापट, म्हणजे एकूण ४,२००. छोटी कंपनी असेल तर जादा फी मूळ फीच्या तिप्पट. २ ऑगस्ट उलटला की छोटी नसलेल्या कंपनीला यात चार्जच्या रकमेच्या ०.०५ टक्के भर पडते, ४० कोटींवर २ लाख (कमाल मर्यादा ५ लाख). १ ऑक्टोबरला १२० दिवस पूर्ण होतात आणि दार बंद. पूर्वी उशीर माफ करून घेता यायचा. २ नोव्हेंबर २०१८ नंतरच्या चार्जना ती सोय नाही. मग नव्या तारखेचं नवं डीड करावं लागतं आणि अग्रक्रमही नव्या तारखेपासून मोजला जातो.

उशिराच्या अर्जासोबत सेक्रेटरी किंवा संचालकाचं जाहीरपत्र लागतं, की या उशिराने मधल्या काळातल्या कोणत्याही धनकोच्या हक्काला बाधा येणार नाही. सही करण्याआधी चार्ज इंडेक्स त्याच दिवशी पुन्हा काढा. ३ जूननंतर त्याच स्टॉकवर दुसऱ्या कुणी चार्ज नोंदवला असेल तर त्याचा हक्क शाबूत राहतो, आणि तुमचं जाहीरपत्र खोटं ठरतं.

दस्तऐवज_गट:
वरचं सगळं बरोबर, पण आज पहिलं काम दुसरंच आहे. जमीन महाराष्ट्रात आहे. नोंदणी कायद्यातल्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीप्रमाणे (१ एप्रिल २०१३ पासून) दस्त जमा करून केलेल्या गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते, आणि ती जबाबदारी गहाण देणाऱ्याची, म्हणजे कंपनीची. २४ जूनपासून ३० दिवस २४ जुलैला संपतात. चार दिवस हातात आहेत.

नोटीस भरताना बँकेकडचं मेमोरँडम वाचून घ्या. त्यात 'अमुक तारखेला दस्त जमा झाले' अशी झालेल्या गोष्टीची नोंद हवी. 'याद्वारे गहाण देत आहोत' असा मजकूर असेल तर गहाण त्या कागदानेच निर्माण होतं, मग त्याचीच रीतसर नोंदणी लागते. यावर खूप गहाणं अडकलेली आहेत. नोटीस झाली की तलाठ्याकडे अर्ज देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढवून घ्या. बोजा म्हणजे कलम ७७ ची नोंद नव्हे, पण जमीन घ्यायला येणारा आधी सातबाराच बघतो.

कीर्दखतावणी:
नोटीस उद्याच देतो. सीएचजी-१ एकच भरायचा की दोन? कर्ज तर एकच आहे.

चार्जवाला:
मी आधी हायपोथिकेशनचा भरेन. चार्ज आयडी आला की त्याच आयडीवर बदल म्हणून जमीन जोडेन. दोन स्वतंत्र चार्ज टाकले तर इंडेक्सवर ४० अधिक ४०, म्हणजे ८० कोटी दिसतात, आणि पुढच्या प्रत्येक बँकेला खुलासा द्यावा लागतो.

दस्तऐवज_गट:
इथे माझं मत वेगळं. आयडी आल्याशिवाय बदलाचा अर्ज भरता येत नाही आणि जमिनीचे ३० दिवस २४ जुलैलाच संपतात. हायपोथिकेशनच्या अर्जावर आरओसीने शेरा मारून तो परत पाठवला तर आयडी कधी येईल सांगता येत नाही. मी दोन्ही अर्ज आत्ता स्वतंत्र भरेन आणि तपशिलाच्या रकान्यात स्पष्ट लिहीन की दोन्ही तारणं त्याच ४० कोटींच्या कर्जासाठी आहेत. ८० कोटींचा खुलासा देता येतो, गेलेली तारीख परत आणता येत नाही.

चार्जवाला:
चार दिवसच उरलेत हे धरलं तर मान्य. ६० दिवसांची सवड जमिनीलाही आहे (२३ ऑगस्टपर्यंत), पण जाहीरपत्राचा धोका पत्करायला नको.

शेअरचं: प्रमोटर व्यक्ती असेल तर ती कंपनीची मालमत्ता नाही, त्यामुळे सीएचजी-१ लागत नाही. शेअर एखाद्या होल्डिंग कंपनीच्या नावावर असतील तर त्या कंपनीला तिचा स्वतंत्र सीएचजी-१ भरावा लागेल. नुसत्या प्लेज डीडने डीमॅट शेअर तारण होत नाहीत. प्रमोटरच्या डीपीमार्फत (डीमॅट खातं सांभाळणारी संस्था) विनंती, बँकेच्या डीपीकडून मंजुरी, आणि डिपॉझिटरीच्या नोंदीत प्लेज दिसणं, एवढं झालं की झालं.

भरण्याआधी तीन जागा तपासा. अर्जातली निर्मितीची तारीख डीडवरच्या तारखेशी जुळायला हवी; कर्जमंजुरी पत्राची तारीख टाकण्याची चूक फार होते. 'कारखान्याची जमीन व इमारत' एवढंच वर्णन चालणार नाही: गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहा, आणि डीडला मशिनरीची यादी खरोखर जोडलेली आहे ना ते बघा. बँकेच्या अधिकाऱ्याची डिजिटल सही आजच मागून ठेवा, बहुतेक अर्ज तिथेच रखडतात. अर्ज भरल्याच्या पावतीवर थांबू नका. कलम ७७ ला सीएचजी-२ हे प्रमाणपत्र हवं असतं. ते आलं की बँकेला पाठवा आणि कंपनीच्या सीएचजी-७ नोंदवहीत नोंद करा.