उन्हाळ्याची सुट्टी: तंबू, भटकंती आणि घरच्यांची कामं. तुमचे अनुभव लिहा

शाळा सुरू झाल्या. काल फ्रिजवर चिकटवलेला सुट्टीचा कागद काढला, पण टाकून देववेना. त्यावर मुलांच्या अक्षरात 'तंबू', 'काजवे', 'मामाकडे आंबे' आणि माझ्या अक्षरात 'आजीचा गुडघा', 'दादाचं घर बदलणं', 'माळा आवरणे'. कागदाच्या मधोमध रेघ होती, डावीकडे मजा आणि उजवीकडे कामं. मे संपेपर्यंत त्या रेघेला काही अर्थ उरला नव्हता.

आम्ही दोघंही नोकरी करतो. वर्षभर नातेवाइकांना 'सुट्टीत येतो, तेव्हा बघू' असं सांगत राहतो आणि मग ते सगळं या पाच-सहा आठवड्यांवर येऊन पडतं. तुमच्याकडेही असंच होत असणार. म्हणून विचारते: यंदा किंवा मागे कधी, तुम्ही हे सगळं कसं बसवलंत? नुसती ठिकाणांची नावं नकोत. कोणाच्या घरी हाताखाली राहिलात, मुलांनी काय केलं, काय फसलं, तेही लिहा. सुरुवात माझ्यापासून करते.

पुणे

सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन एप्रिलच्या शेवटी सांगलीत झालं. दुसऱ्या दिवशी त्यांना वॉकर धरून उभं केलं आणि चौथ्या दिवशी घरी सोडलं. खरं काम तिथून पुढे होतं. व्यायाम दुखतो, म्हणून माणूस टाळतो. आणि टाळला की गुडघा आखडतो. पहिले दहा दिवस मी तिथून लॅपटॉपवर काम केलं, पुढचे आठ दिवस नवऱ्याने. मुलं पूर्ण अठरा दिवस तिथेच होती.

लेक तेरा वर्षांची आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, "गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकायला हवा." ती आत गेली आणि कंपासपेटीतला कोनमापक घेऊन आली. रोज संध्याकाळी आजीचा पाय मापायचा आणि कालनिर्णयवर आकडा लिहायचा. ५५, ६०, ६०, ५८. त्या ५८ च्या दिवशी सासूबाई रडल्या. लेकीने तो आकडा खोडला नाही. शेजारी लिहिलं, 'आज पाहुणे होते, व्यायाम एकदाच'. नऊ वर्षांच्या मुलाने घरातली सगळी पायपुसणी उचलून ठेवली, कारण आजी अडखळेल हे त्याला कोणी न सांगता कळलं. मला वाटतं, सहलीत मुलं जेवढं बघतात तेवढंच आजारी माणसाच्या घरातही बघतात. आपणच त्यांना तिथून लांब ठेवतो.

८८ झाले तेव्हा आजीनेच हुकूम सोडला, "आता काजवे बघून या."

जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदऱ्याला गेलो. आर्थर लेकच्या काठी एका शेतकरी कुटुंबाने त्यांच्या वावरात तंबूला जागा दिली. वळीव पडून गेले की मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंतचे थोडे दिवस काजव्यांचे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते हजारोंनी बसतात आणि एक झाड पेटलं की शेजारचं त्याला उत्तर देतं. हा प्रकाश नर-मादीने एकमेकांना शोधण्यासाठी असतो. म्हणूनच गाड्यांचे मोठे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या पाहून जीव तुटतो. उजेड पडला की झाड विझतं आणि बराच वेळ विझलेलंच राहतं. जाणार असाल तर गाडी गावातच ठेवा आणि अंधारात चालत जा. डोळे दहा मिनिटांत सरावतात.

दुसऱ्या रात्री वारा सुटला, तंबूच्या खुंट्या उपटल्या आणि आम्ही चौघं भिजत त्या घराच्या पडवीत गेलो. घरातल्या आजींनी चुलीजवळ बसवलं, नागलीची भाकरी आणि पिठलं वाढलं. लेकीने त्यांनाही विचारलं, "आजी, तुमचा गुडघा दुखतो का?" सकाळी रेंज आल्याबरोबर तिने सांगलीला फोन लावला. ९२.

मुंबई, गाव संगमेश्वर तालुक्यात

आमच्याकडे सुट्टी म्हणजे गाव आणि गाव म्हणजे काम, त्यामुळे रेघ आखायचा प्रश्नच आला नाही. गावी आई आणि अण्णा दोघंच. मे महिन्यात आम्ही भावंडं बायकामुलांसह अकरा जण उतरतो आणि पहिल्याच संध्याकाळी अण्णा पडवीत बसून कामं वाचून दाखवतात: कौलं परतायची, लाकडं खोपीत भरायची, आंबे उतरवायचे, रातांबे फोडायचे.

कौलांचं काम सर्वांत मोठं. वर्षभरात माकडं उड्या मारून कौलं फोडतात, रीप कुजतात, पन्हळीत पाला साचतो. पूर्वी गावातले चार गडी एका दिवसात घर शाकारून देत. आता गडी मिळत नाहीत, म्हणून भाऊ आणि मी वर चढतो आणि मुलं खाली रांग लावून कौलं हातोहात देतात. फुटकं कौल टाकायचं नाही, न्हाणीघराच्या छपराला उपयोगी पडतं, ही आईची शिस्त.

आंबे झेल्याने (लांब काठीला बांधलेल्या जाळीने) देठ ठेवून काढायचे. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथे डाग पडतो आणि फळ तिथूनच कुजतं. माझ्या पुतणीला हे एकदाच सांगावं लागलं. मला दहा वर्षं लागली होती. मग पेंढ्यात अढी घालायची आणि रोज नाक लावून बघायची.

पण लिहायचंय ते २०२५ च्या मे महिन्याबद्दल. त्या वर्षी पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून. आमच्याकडे तर त्याच्या आधीच आठवडाभर धो धो सुरू होता. अर्धं छप्पर उघडं आणि अंगणात रातांब्यांची सालं वाळत घातलेली. आमसूल एका उन्हात होत नाही. सालं वाळवायची, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, असे चार-पाच हात द्यावे लागतात. आमचे दोनच झाले होते. रात्री दोन वाजता सगळं घर उठलं. भाऊ आणि मी विजा चमकत असताना ताडपत्री घेऊन वर, बायका सालं आत ओढतायत, मुलं पातेली लावतायत. आईने चुलीवरच्या माळ्यावर सालं पसरून धुरावर वाळवायचा प्रयत्न केला. त्यातली निम्मी बुरशी येऊन गेली. त्या वर्षी आमसुलं आम्ही दुकानातून आणली आणि आई ती डब्यात भरताना काही बोलली नाही. ते मला फार लागलं.

तेव्हापासून आम्ही कौलांचं काम एप्रिलमधल्या एका जोडसुट्टीतच उरकतो आणि रातांब्यांसाठी प्लॅस्टिकच्या कागदाचं वाळवणघर केलंय. लांब सहलीला वेळ उरत नाही. एक दिवस कसब्याला कर्णेश्वराचं देऊळ आणि येताना राजवाडीची गरम पाण्याची कुंडं. कौलांनी आखडलेली पाठ त्या पाण्यात मोकळी होते. यंदा अण्णाही आले, पाच वर्षांनी.

मुलुंड, माहेर चांदवड

उन्हाळ कांद्याबद्दल कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते.

भावाच्या पाठीचं दुखणं यंदा वाढलं. एप्रिलमध्ये काढणी मजुरांकडून झाली, पण कांदा निवडून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, भरायचं राहिलं होतं. मी आणि दोन्ही मुलं बारा दिवस गेलो. पात कापताना वर इंचभर मान ठेवायची. अगदी कांद्याशी कापली की तिथून सड लागते. जोड कांदे, चिंगळी (अगदी बारीक कांदे) आणि फुटलेले वेगळे काढायचे, ते आधी विकायचे. चांगला कांदा चाळीत राहतो आणि भावाची वाट बघतो. (भाव म्हणजे बाजारभाव, पण त्या दिवसांत मला दोन्ही अर्थ खरे वाटायचे.) चाळ जमिनीपासून उचललेली असते आणि चारही बाजूंनी वारं खेळतं. एक सडका आत गेला तर भोवतालचे घेऊन जातो. म्हणून माझा धाकटा प्रत्येक कांदा दाबून बघायचा, आणि वहिनी त्याला घाई करू देत नव्हती.

ऊन असं की सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतरच काम. दुपारी घरात ओलं फडकं अंगावर घेऊन झोपायचं. रात्री मात्र खाटा शेतात, विहिरीजवळ. तंबू नाही, छप्परही नाही. मुलांनी सप्तर्षी पहिल्यांदा तिथे पाहिले. एक दिवस रेणुकामाता आणि होळकरांचा रंगमहाल, बस्स. निघताना भावाने मुलांच्या हातात मजुरीचे पैसे ठेवले, मजुरांना दिले तेवढ्याच दराने. मी नको म्हणाले तर म्हणाला, "ताई, त्यांनी काम केलंय."

अमरावती

आमच्याकडे मे महिन्यात सकाळी कुरडया आणि दुपारी कूलर. मोठी आई आता एकटी वाळवण करू शकत नाही, पण तिला ते सोडवतही नाही. म्हणून आम्ही चार जावा-नणंदा तिच्या गच्चीवर जमतो. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, वाटून सत्त्व गाळून घ्यायचं. पहाटे चारला मोठ्या गंजात चीक शिजायला लागतो आणि तो सतत घोटावा लागतो, नाहीतर गाठी होतात. गरम असतानाच सोऱ्यातून कुरड्या पाडायच्या. मुलं उठतात ती चिकाच्या वासानेच. वाटीत चीक, वरून तूप आणि साखर.

बुद्धपौर्णिमेला माझे यजमान आणि मुलगा मेळघाटात मचाणावर गेले होते. त्या रात्री वनविभाग पाणवठ्याजवळच्या मचाणांवर नोंदणी केलेल्या लोकांना बसू देतो आणि येणाऱ्या प्राण्यांची नोंद करून घेतो. बोलायचं नाही, विस्तव नाही, खाली उतरायचं नाही. मुलगा पंधरा वर्षांचा, एक मिनिट गप्प न बसणारा. सकाळी त्याच्या कागदावर होतं: सांबर ३, रानडुक्कर ७, अस्वल १. वाघ नाही. घरी आल्यावर मोठी आई म्हणाली, "अस्वल कसं पाणी पितं ते करून दाखव." त्याने गच्चीवर, कुरडयांच्या मधोमध, करून दाखवलं.

मडगाव

थोडक्यात लिहितो. आमच्याकडे पावसाआधीच्या साठवणीला पुरुमेंत म्हणतात. मडगावात मे-जूनच्या सुमारास पुरुमेंताचं फेस्त भरतं, तिथून सुक्या मिरच्या, सुकं मासळं, आमसोलं, कांद्याच्या माळा. दोन म्हाताऱ्या आत्यांची आणि आमची अशी तीन घरांची खरेदी मी आणि माझी मुलगी करतो. ती वही घेऊन असते. एका आत्याला सुंगटं (कोळंबी) चालतात, बांगडा नको. दुसरीचा रक्तदाब वाढतो म्हणून खारं जपून. तिन्ही घरांचे डबे भरून झाले की संध्याकाळी कोलव्याच्या किनाऱ्यावर. एवढीच आमची सहल आणि ती आम्हाला पुरते.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते आणि त्याच उन्हाळ्यात सॅक्रामेंटोला चुलत बहिणीला बाळ झालं. तिच्या आईला व्हिसा मिळाला नाही. मग माझी आईच तिची आई झाली. दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही आईला सोडायला जायचो आणि रविवारी आणायला. गाडीत डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळासाठी मऊ जुन्या सुती साड्यांची दुपटी, आईने अंबरनाथहून आणलेली.

योसेमिटीचं तंबूचं आरक्षण मात्र पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला सकाळी सातला, आम्ही दोघांनी दोन संगणकांवर बसून मिळवलं होतं. ते सोडवेना. बहीण म्हणाली, "काकूला घेऊन जा, तीन दिवस मी सांभाळते." आई जायला तयार नव्हती, बाबांनी समजावलं. तिथे अस्वलांमुळे खाण्याची प्रत्येक वस्तू लोखंडी पेटीत ठेवावी लागते, गाडीत नाही, तंबूत नाही. टूथपेस्ट आणि साबणसुद्धा, कारण त्यांनाही वास असतो. आईच्या पिशवीत लाडवांचा डबा, सुपारी, खोबरेल तेल. तिने सगळं शांतपणे पेटीत ठेवलं.

व्हर्नल फॉलच्या वाटेवर पहिला चढ चढून आम्ही पुलापर्यंत गेलो. बाबा पुलावर बसले, मुलं पुढे गेली. आई कठड्याला धरून धबधब्याकडे बघत म्हणाली, "बाळाचं डोकं धुताना आता जावई पाणी घालतो का गं?" मी तिथे रेंज शोधली. नव्हती. परतल्यावर पहिला फोन सॅक्रामेंटोला.

कल्याण

वरचं सगळं वाचलं. आम्ही कुठेच गेलो नाही. आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार. दर वेळी चार तास. मुलगी दहा वर्षांची आहे आणि मैत्रिणी कुठे कुठे गेल्याचं ऐकून ती एकदाच म्हणाली, "आपल्याकडे तंबू आहे का?" नव्हता. मच्छरदाणी होती. बुधवारी आणि रविवारी, आईला बरं वाटायचं त्या रात्री, सोसायटीच्या गच्चीवर दोरी बांधून मच्छरदाणी लावली. आईसाठी खुर्ची, वर उशी. पाणी मोजून प्यायचं असतं, म्हणून मुलीने तिचा छोटा पेला वर आणून ठेवला आणि त्यावर पट्टी चिकटवून खुणा केल्या. लोकल गेली की गच्ची थोडी हादरायची आणि आई सांगायची, ही कसाऱ्याची, ही कर्जतची. शेवटची गाडी जाईपर्यंत दोघी जाग्या असायच्या.